वडिलार्जित गृहसामानाचा शोध आणि सांभाळ

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून महाराष्ट्रातील जुन्या घरांचे माळे हे इतिहाससंशोधनाचे एक मान्य क्षेत्र होऊन बसले. राजवाडे व त्यांच्या मागून आलेले संशोधक गावोगाव हिंडले, घरोघरच्या वडीलधाऱ्यांची त्यांनी मनधरणी केली आणि उंदीर व वाळवी यांच्या तोंडून असंख्य रुमाल सोडवून आणले. या उद्योगाचे मोल येथे नव्याने सांगावयास नको. परंतु ज्या पेटाऱ्यांतून ते कागद बाहेर आले त्या पेटाऱ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारल्याचे दिसत नाही. कागद संशोधकाबरोबर गेला. पेटारा माळ्यावरच राहिला. पुढे घर पाडण्याची वेळ आली तेव्हा तो बहुधा जळाऊ लाकडाच्या भावाने गेला असेल, किंवा एखाद्या दुकानात ‘पेशवेकालीन’ अशी चिठ्ठी लावून उभा राहिला असेल. इतिहासाच्या दृष्टीने या दोन गतींमध्ये वाटते तितके अंतर नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे विधान थोडे स्पष्ट करणे अवश्य आहे. घरातील पाट, चौरंग, पेटी, समई, घंगाळ, पाळणा या वस्तू साधन म्हणून बोलू लागतात त्या स्वतःच्या रूपामुळे थोड्या आणि आपल्या ठिकाणामुळे पुष्कळ. ही पेटी कोणाच्या घरची, कोणत्या खोलीत असे, तिची किल्ली कोणाच्या कमरेला असे, ती लेकीबरोबर आली की वाटणीत मिळाली, ही हकिगत वस्तूला चिकटलेली असते तोवर ती पुरावा असते. हकिगत सुटली की उरते ते लाकूड व कोरीवकाम. वाळवी लाकूड खाते, ते नुकसान डोळ्यांना दिसते. हकिगत सुटते ती मात्र कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून वडिलार्जित सामानाचा शोध आणि त्याचा सांभाळ हे दोन्ही विषय येथे एकत्र घेतले आहेत.

प्रथम अशा घरात सामान होते तरी काय, याचा विचार केला पाहिजे. आजच्या घराच्या कल्पनेने अठराव्या शतकातील मराठी वाड्याकडे पाहिले तर तो रिकामा वाटेल. त्या काळचे पुष्कळसे सामान अंथरावयाचे आणि गुंडाळावयाचे असे. दिवाणखान्याचे रूप बिछायत, गालिचा, जाजम, गादी, लोड व तक्क्या यांवर ठरत असे. बैठक मोडली की खोली मोकळी. या अंथरुणा-पांघरुणांची, तंबू-राहुट्यांची व्यवस्था पाहणारे खाते म्हणजे फरासखाना. पुण्यातील त्या खात्याच्या जागेचे नाव आज एका पोलीस ठाण्याला राहिले आहे. तेथे तक्रार नोंदविण्यास जाणाऱ्या किती जणांना आपण पेशव्यांच्या गालिच्यांच्या कोठीशी उभे आहोत याची कल्पना असेल, कोण जाणे. टॉमस डॅनियलने १८०५ साली पूर्ण केलेले पुणे दरबाराचे चित्र प्रसिद्धच आहे. जेम्स वेल्सच्या रेखाटनांच्या आधारे काढलेल्या त्या चित्रात शनिवारवाड्याच्या गणपती रंगमहालात १७९० च्या तहाचा प्रसंग दाखविला आहे. सुरूच्या आकाराचे खांब, कमानी, वरचे नक्षीकाम यांनी महाल भरलेला आहे; पण पेशवे व दरबारी मंडळी जमिनीलगतच्या बैठकीवर आहेत, आणि कंपनी सरकारच्या वकिलालाही त्याच रिवाजाने बसावे लागले आहे. वैभव भिंतीत, छतात आणि अंथरुणात होते. उंच आसनांत ते नव्हते.

शब्दांकडे पाहिले तरी हीच गोष्ट प्रत्ययास येते. पाट, चौरंग, पलंग हे शब्द संस्कृत परंपरेतून आलेले. गालिचा, जाजम, सतरंजी, तक्क्या हे फारसी मार्गाने आलेले. खुर्ची हा शब्द मूळचा अरबी असला तरी ती वस्तू सामान्य मराठी घरात शिरली ती इंग्रजी अमदानीत; टेबल आणि कोच तर आपली जन्मभूमी नावातच घेऊन आले. ‘कपाट’ या शब्दाची गोष्ट मौजेची आहे. संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी. तोच शब्द आपण आज उभ्या, दारे असलेल्या सामानाला लावतो. आपल्या घरांतील कपाट आधी भिंतीत होते, म्हणजे कोनाड्याला दारे बसविली की झाले कपाट, आणि ते भिंतीतून सुटून खोलीत उभे राहिले ते नंतर, असा तर्क यावरून करता येतो. जुन्या घरांतील भिंतीतली फडताळे पाहिली म्हणजे तो निराधार वाटत नाही.

स्थावर म्हणता येईल असे सामान अगदीच नव्हते असे नाही. पलंग व मंचक होते, झोपाळे होते, देव्हारे होते, धान्याच्या कणग्या व कोठ्या होत्या, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या पेट्या होत्या, कारकुनाला मांडी घालून लिहिता येईल अशी उतरत्या झाकणाची बैठी मेजे होती. शनिवारवाड्यात आरसेमहाल आणि हस्तिदंती महाल होते, यावरून श्रीमंती सजावटीची कल्पना येते. पण १८१८ मध्ये राज्य गेले आणि १८२८ च्या आगीत वाड्याच्या इमारती जळाल्या. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबागवाड्याचे कोरीव सागवानी काम आज पाहावयास मिळते, तेही इमारतीचे अंग म्हणून. आतील सामान म्हणून नव्हे.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र झपाट्याने पालटले. मुंबईत शिसवी लाकडाचे, नखशिखांत कोरलेले सामान तयार होऊ लागले. आकार युरोपीय, कोरीवकाम येथील सुताराचे. पारशी, गुजराती व मराठी धनिकांच्या दिवाणखान्यांत ते गेले आणि तेथून लहान शहरांतल्या वकील-मामलेदारांच्या घरी त्याच्या साध्या आवृत्त्या पोचल्या. विलायती हंड्या व झुंबरे आली, घासलेटचे दिवे आले, भिंतीवरची लंबकाची घड्याळे आली. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी मराठी घरांच्या भिंती व्यापल्या. व्हिएन्ना पद्धतीच्या, वाफेवर लाकूड वाकवून केलेल्या खुर्च्या मुंबईच्या इराणी उपाहारगृहांत इतक्या रुळल्या की त्या परदेशी आहेत हे लोक विसरून गेले. गोव्याची गोष्ट निराळी. तेथे उंच आसनाची रीत सोळाव्या शतकापासून चर्चमधून व फिरंगी अधिकाऱ्यांच्या घरांतून आली आणि सासष्टीतील मोठ्या घरांत वेताने विणलेल्या शिसवी खुर्च्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. असंख्य लहान खणांची, पायांवर उभी असलेली ‘कोन्तादोर’ नावाची पेटी ही तर त्या संकराची खूणच होय. राशोल येथे १९९४ साली सुरू झालेले व २००२ पासून जुन्या गोव्यात सांता मोनिका मठात असलेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय अभ्यासकांनी याच दृष्टीने पाहावे.

या इतिहासाचा एक व्यावहारिक उपयोग असा की, ‘पेशवेकालीन खुर्ची’ म्हणून जे काही दाखविले जाते त्याकडे आपण सावधपणे पाहू लागतो. वस्तूचा काळ ठरविण्यास शैली हे सर्वांत फसवे साधन आहे, कारण जुन्या घाटाची नक्कल करणे कोणत्याही कुशल सुतारास शक्य असते. त्याहून अधिक विश्वसनीय पुरावा वस्तूच्या पाठीशी व पोटाशी सापडतो. दर्शनी बाजू सोडून खण बाहेर ओढावा, तो उलटा करावा, पेटी भिंतीपासून सरकवून तिची पाठ पाहावी. दोन माणसांनी ओढलेल्या करवतीच्या खुणा सरळ पण कमीजास्त अंतराच्या असतात. यंत्राच्या चक्राकार करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या असतात. घणाने घडविलेला खिळा चौकोनी व अनियमित असतो. तारेपासून केलेला गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडचा. टोकदार स्क्रू तर त्या शतकाच्या मध्यापूर्वी प्रचारात नव्हता. कुसू खाचेत बसवून लाकडी खुंटीने आवळलेला सांधा ही जुन्या सुतारकामाची ओळख खरी, परंतु ती पद्धत पुढेही चालू राहिल्याने केवळ तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. शिवाय दुरुस्ती हा प्रत्येक वापरत्या वस्तूच्या आयुष्याचा भाग असतो. जुन्या पेटीला नवा स्क्रू असला म्हणजे पेटी नवी ठरत नाही. आणि जुन्या फळ्या जोडून काल केलेली पेटीही जुन्या खिळ्यांनी सजविता येते. आरशाच्या बाबतीत पाठीमागचा मुलामा बोलतो. काचेला चांदीचा थर देण्याची रासायनिक रीत १८३५ नंतरची. त्यापूर्वीचे आरसे कथील व पारा यांच्या मुलाम्याचे. अशा आरशाच्या कडांशी स्फटिकासारखे काळसर डाग पडतात. पारा विषारी असल्याने त्यावर हात चालविण्याचा मोह विद्यार्थ्यांनी टाळावा.

तांब्यापितळेच्या भांड्यांचा विचार येथे मुद्दाम जरा विस्ताराने करावयाचा आहे. लाकडी सामानावर सहसा काही लिहिलेले नसते. भांड्यांवर मात्र मराठी माणसाने सर्रास नाव घातलेले आहे. लग्नकार्यात भांडी शेजारपाजारच्या घरांतून येत व परत जात, त्यांची अदलाबदल होऊ नये ही यामागची साधी गरज. पण या गरजेतून एक अफाट लेखसंग्रह आपल्या घराघरांत तयार झाला आहे, आणि त्याकडे कोरीव लेख म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. ताम्रपटावरील दोन ओळींसाठी आपण शेकडो कोस जातो; स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या हंड्यावरील ओळ वाचत नाही.

या लेखांचे प्रकार अनेक. कोठे नुसते घराण्याचे आडनाव व गाव. कोठे कर्त्या पुरुषाचे नाव. कोठे कोणाच्या मुंजीत वा लग्नात कोणाकडून आले ते. कोठे दिवंगत व्यक्तीचे स्मरण व शक. देवस्थानाला वाहिलेल्या समईवर वाहणाऱ्याचे नाव असते. स्त्रीच्या नावाचे भांडे सापडले तर ते विशेष जपून वाचावे, कारण माहेरचे नाव व सासरचे नाव या दोहोंतले कोणते घातले आहे यावर ते भांडे कोणत्या घरातून कोणत्या घरी गेले हे ठरते. जमिनीच्या कागदपत्रांत स्त्रिया क्वचित दिसतात. भांड्यांवर त्या दिसतात. एखाद्या तालुक्यातील शंभर घरांतील अशी नावे पद्धतशीर उतरून घेतली तर कोणत्या गावच्या लेकी कोणत्या गावी दिल्या जात, याचा एक नकाशाच हाती येईल. अक्षरे घालण्याची रीतही काळ सांगते. छिन्नी व हातोडीने ठोकून, ठिपक्याठिपक्यांनी घातलेली अक्षरे जुनी. विजेच्या लेखणीने कोरलेली, बारीक थरथरती अक्षरे अलीकडची. मात्र नाव भांड्याहून पुष्कळ नंतरचे असू शकते. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका घंगाळावर एक नाव खोडून त्याखाली दुसरे, त्याच आडनावाचे, घातलेले होते आणि दोन्ही अक्षरांची वळणे वेगळी होती. त्या घरच्या वाटणीपत्रात घंगाळाचा उल्लेख निघाला, तेव्हा खोडण्याचा अर्थ लागला. कागद आणि वस्तू एकाच घरात होती म्हणूनच हे शक्य झाले, हे वेगळे सांगणे नको.

अशी जोड मोडण्याचे प्रसंग आपल्या अलीकडच्या इतिहासात एकामागून एक आले. वाटण्या तर नेहमीच्याच. परंतु वाटणीत वस्तू निदान नातलगांतच राहते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यांत वाड्याची डागडुजी करणे मालकाला परवडेना. कूळकायदा १९४८ चा, परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा. या सुधारणा न्याय्य व अवश्य होत्या यात शंका नाही, पण ज्या उत्पन्नावर मोठी घरे चालत ते त्यांनी संपले आणि घरांतील वस्तू बाजारात आल्या. १९४८ च्या प्रारंभी गांधीहत्येनंतर झालेल्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक ब्राह्मण घरे आतील चीजवस्तूंसह व दप्तरांसह नष्ट झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा मातीच्या व विटांच्या जुन्या भिंती विरघळल्या आणि त्यांच्याखाली काय काय गेले त्याचा हिशेब लागलेला नाही. याच सुमारास पोलादी भांडी घरोघर आली. तांब्याचा हंडा मोडीत घालून त्या पैशात स्टीलचा डबा घेणे हा त्या पिढीच्या गृहिणीला शहाणपणाचा व्यवहार वाटला, आणि कल्हईचा खर्च व घासण्याचे श्रम पाहता तिला दोष देणे योग्य नव्हे. दोष द्यावयाचाच तर आम्हा इतिहासवाल्यांना द्यावा लागेल; वजनाच्या काट्यावर चढण्यापूर्वी त्या हंड्यावरील नाव उतरून घेण्यास कोणी गेले नाही.

एक माणूस मात्र गेला होता. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा पुण्यात चष्म्यांचा व्यवसाय होता. ऐतिहासिक विषयांवरील काव्याच्या निमित्ताने जुने वाडे व किल्ले पाहता पाहता १९२० च्या सुमारास त्यांना वस्तू जमविण्याचा छंद जडला. राजघराण्यांच्या तलवारी जमविणारे पुष्कळ होते. केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे, फण्या, दौती, पानाचे डबे, कोरीव दरवाजे आणि स्वयंपाकघरातील भांडी जमविली. पत्नी कमलाबाई यांची त्यात साथ होती. अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले व १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सुमारे वीस हजार वस्तूंच्या त्या संग्रहात उभे राहिले की सामान्य मराठी व भारतीय घर हे इतिहासाचे क्षेत्र आहे हे मान्य करण्यास वेगळा युक्तिवाद लागत नाही. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यास जमविलेला व पुढे १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आलेला मराठा इतिहास संग्रह, तसेच औंधचे १९३८ चे भवानी संग्रहालय, यांच्याशी या संग्रहाची तुलना करून पाहावी. प्रत्येकाच्या निवडीमागे ‘इतिहास म्हणजे काय’ याची एकेक कल्पना आहे.

आता शोधाविषयी. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी व रविवारी, किंवा मुंबईच्या चोरबाजारात, वस्तू पुष्कळ मिळतात. हकिगत मिळत नाही, आणि मिळालीच तर ती गिऱ्हाईक पाहून तयार झालेली असण्याचा संभव असतो. म्हणून अभ्यासकाचा शोध घरापासून सुरू झाला पाहिजे, आणि शक्यतो स्वतःच्या घरापासून. माळा, देवघर, कोठीची खोली, न्हाणीघर, गोठा या जागी वापरातून उतरलेल्या वस्तू क्रमाक्रमाने खाली येत जातात. दिवाणखान्यातली पेटी कोठीत व कोठीतली गोठ्यात, असा तिचा प्रवास असतो. वस्तूबरोबर तिचे कागद शोधावेत: वाटणीपत्रे, लग्नातील आहेराच्या याद्या, जमाखर्चाच्या वह्या, जप्तीच्या याद्या, आणि विशेषतः जुनी छायाचित्रे, ज्यांत माणसांच्या मागे सामान नकळत उमटलेले असते. घरातील वृद्ध स्त्रियांशी बोलल्याविना हा शोध पुरा होत नाही. पुरुषांना वस्तूची किंमत व घराण्याचा मोठेपणा आठवतो. ती वस्तू कशी धरावयाची, कशाने घासावयाची, कोणत्या सणाला बाहेर काढावयाची हे स्त्रियांना ठाऊक असते. विकत घेण्याचा प्रसंग आलाच तर कायदा ध्यानात असावा. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७६ पासून अमलात आहे; शंभर वर्षांहून जुनी वस्तू त्याच्या व्याख्येत येऊ शकते आणि खाजगी व्यक्तीस ती परदेशी नेता येत नाही. हस्तिदंताचा व्यापार तर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदच आहे. जुन्या पेटीवरील हस्तिदंती जडावही त्याला अपवाद समजू नये.

सांभाळाच्या बाबतीत एक कबुली देऊन सुरुवात करणे इष्ट. प्रस्तुत लेखकाच्या घरी पणजोबांची एक सागवानी पेटी होती. झाकणाच्या आतल्या अंगास शाईने लिहिलेल्या चार-पाच मोडी ओळी होत्या. लहानपणापासून आम्ही त्या पाहत आलो, परंतु ‘कधीतरी वाचू’ या भरवशावर त्या राहून गेल्या. घरात कार्य निघाले, म्हणून पेटीला पॉलिश करावयास दिली. कारागिराने आपले काम उत्तम केले. काचकागदाने आतबाहेर घासून, चपडा लाखेचा हात देऊन पेटी आरशासारखी केली, आणि त्या ओळी गेल्या. मोडी वाचण्याचे काम ज्याच्या पोटापाण्याचे, त्याच्याच घरात हे घडले. तेव्हापासून विद्यार्थ्यांना पहिली सूचना हीच देत आलो आहे की, वस्तूला हात लावण्यापूर्वी तिचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे, मोजमाप घ्यावे, जागा लिहावी, आणि सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरावेत. पुसणे, घासणे ही नंतरची गोष्ट.

लाकडाचा मुख्य शत्रू आर्द्रतेतील चढउतार हा होय. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते. आषाढात खण अडकतो म्हणून रंधा मारून घेतला तर वैशाखात तोच खण खुळखुळतो, आणि काढलेले लाकूड परत येत नाही. तेव्हा पावसाळा संपेपर्यंत थांबावे. पेटी ओल्या भिंतीस टेकवू नये, पायांखाली दगड वा विटा द्याव्यात, वाळवीची माती दिसते का हे दर पंधरवड्यास पाहावे. खाली पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर आत किडा जिवंत आहे असे समजून ती वस्तू इतरांपासून त्वरित दूर करावी. जवसाचे तेल वारंवार चोपडण्याची रीत सर्वत्र आहे. पण ते वाळून धूळ धरते व कालांतराने काळपट पुट चढते, म्हणून कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकणे एवढेच पुष्कळ वेळा पुरते. कोनाकोपऱ्यांतील जुनी काजळी, देव्हाऱ्यावरील कुंकवाचे व तुपाचे थर, पाटावरील रांगोळीचे पांढरे कण यांना ‘मळ’ म्हणून खरवडण्यापूर्वी दोनदा विचार करावा. तो वापराचा पुरावा असतो.

धातूच्या बाबतीत चिंच हे आपले परंपरागत औषध. चिंचेतील आम्लाने वरचा काळपट थर जातो, भांडे झळाळते. परंतु प्रत्येक वेळी अत्यल्प का होईना धातू जातो, आणि पितळेतील जस्त पृष्ठभागावरून उतरून तांबूस डाग पडतात. पन्नास वर्षे राख-चिंचेने घासलेल्या तांब्यावरील नाव बोटाला लागते, डोळ्यांना दिसत नाही, याचे कारण हेच. रोजच्या वापरातील भांडे घासावेच लागेल, आणि स्वयंपाकाच्या भांड्याला कल्हईही अवश्य आहे. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथील फिरविणारा कल्हईवाला आता क्वचित दिसतो. पण वापरातून निवृत्त झालेल्या लेखयुक्त भांड्याला यांपैकी काही करू नये. चिंचेने घासलेच तर भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत तांब्याच्या वस्तूंवर फिकट हिरवी पूड येऊ लागली तर तो साधा गंज न मानता जाणकाराचा सल्ला घ्यावा, कारण तो रोग आत पसरत जातो. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करणारी काही घराणी आहेत. पोचा काढणे, जोड देणे यांत त्यांचा हात आजही धरावासा आहे. मात्र नाव असलेल्या जागेवर हातोडी चालवू नये असे त्यांना आधी सांगावे. सांगितले की ते ऐकतात. न सांगितले तर भांडे नव्यासारखे करून देणे हाच त्यांचा धर्म.

जाजमे, गालिचे व जुनी वस्त्रे यांची घडी घालू नये. धुतलेल्या मांजरपाटात लपेटलेल्या गोल काठीवर ती गुंडाळावीत. जरीच्या वस्त्राची घडी अपरिहार्य असेल तर वर्षातून दोनदा घडीच्या रेषा बदलाव्यात. डांबराच्या गोळ्या कपड्याला टेकू देऊ नयेत. दसरा-दिवाळीच्या उन्हात सारे वाळत घालण्याची चाल कसरीला आळा घालते हे खरे, परंतु वनस्पतिजन्य रंगांना कडक ऊन सोसत नाही. सावलीतली हवा पुरे.

गेल्या वर्षी विभागातील काही विद्यार्थ्यांसह रत्नागिरी जिल्ह्यातील एका घरी जाण्याचा योग आला. न्हाणीघरात तांब्याचे एक मोठे घंगाळ होते. कडेखाली अक्षरे होती, पण कागद लावून शिसाची कांडी कितीही फिरविली तरी ठसा उठेना. विद्यार्थी बॅटरीचा प्रकाश तिरका पाडून पाहत होते, तोच घरातील आजी आल्या, त्यांनी अंगठा त्या कडेवरून डावीकडून उजवीकडे फिरविला आणि तीन शब्द म्हणून दाखविले: एक स्त्रीचे नाव, तिच्या माहेरचे गाव आणि ‘मुंज’. त्यांच्या सासूबाईंनी त्यांना ते असेच दाखविले होते. शक आम्हाला मिळाला नाही. वहीत ते तीन शब्द लिहिले, शेजारी ‘वाचन तोंडी’ असा शेरा मारला, सांगणारीचे वय व तारीख टाकली, आणि घंगाळ होते तेथेच, बंबाशेजारी, ठेवून आलो.